मुद्दाम पाडलेल्या सुरकुत्या

आमच्या घरात कपडे ढिगाने असायचे. त्यातले आमचे फार थोडे. ठाण्यात कोपरीला एका बिल्डिंगच्या जिन्याखाली पप्पांचं इस्त्रीचं टेबल होतं. सकाळी पोचवायचे कपडे रात्रभर आमच्या खोलीतल्या एकुलत्या पलंगावर, आणि आम्ही चौघं खाली जमिनीवर. त्या खोलीतून मी बी.ए. झाले. खानदानात पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीतून इंटरव्ह्यूचा कॉल आला. कंपनी जाहिराती शूट करणारी, पोस्ट कॉस्च्युम असिस्टंटची. म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या माणसाने काय घालायचं, ते बघण्याचं काम. आणि मी काय घालायचं, तेच मला कळत नव्हतं. ही नोकरी नाही मिळाली, तर कळव्याच्या एका क्लासमध्ये रिसेप्शनवर बसायचं ठरलेलं.

आई गाठोड्याकडे बघत म्हणाली, "बाराव्या माळ्यावरच्या मॅडमचा तो निळा कुर्ता... शनिवारी द्यायचाय ना?"

"गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही," पप्पा म्हणाले. धंद्यातला हा कायदा त्यांनी कधी मोडला नाही. मग माझ्याकडे वळले. "आणि तू कडक काही घालू नको गं. चौथ्या माळ्यावरचा जाहिरातवाला बघ. म्हणतो, काका, सुरकुत्या राहू द्या. त्या लायनीत सगळे चुरगळलेलेच."

"इस्त्रीवाल्याची पोरगी चुरगळलेली जाणार? काहीही काय, पप्पा!"

मी पांढरा शर्ट घातला. स्टार्च असा, की तो शर्ट माझ्याशिवायही इंटरव्ह्यू देऊन आला असता.

रिसेप्शनवरच्या मुलीने मला वरून खालपर्यंत बघितलं. "ऑडिट ना? अकाउंट्स डावीकडे."

"इंटरव्ह्यू."

"अच्छा?" एवढंच म्हणाली ती.

आत कॉस्च्युम हेड मिथिला मॅडम बसलेल्या. सैल लिननचा शर्ट-पँट, जणू त्यातच झोपून उठलेल्या. बाजूला हाफ पँट घातलेला प्रोडक्शनचा माणूस मोबाइल बघत होता.

"कपड्यांच्या फील्डमध्ये यायचंय आणि हे घालून आलीस?"

"घरात बाकीचे होते ते गिऱ्हाइकांचे. पप्पा इस्त्री करतात."

"ओके. पण आम्हाला कपड्यावरून माणूस ओळखणारं कुणीतरी हवंय." त्यांनी माझी फाइल मिटली.

नोकरी गेली, हे कळलं. गेलीच आहे, तर जीभ कशाला आवरायची?

"मग तुम्हाला ओळखू?"

"ओळख."

"तुमच्या सुरकुत्या खोट्या आहेत."

हाफ पँटवाल्याने मोबाइल खाली ठेवला.

"बसून पडलेल्या सुरकुत्या मांडीवर आडव्या येतात. तुमच्या वरपासून खालपर्यंत उभ्या आहेत. ओली पँट पिळून तशीच वाळवली की अशा पडतात. आणि कॉलरला मात्र व्यवस्थित इस्त्री. म्हणजे तुम्हीपण आज तयार होऊनच आलाय."

हाफ पँटवाला असा हसला, की त्याची खुर्ची भिंतीला आपटली.

"गप रे," मॅडम म्हणाल्या. मग मला, "चार वाजता क्लायंट येतोय. तुझ्यासाठी नाही हे." फाइल परत उघडली. "आज पडलेल्या सुरकुत्या उद्या तशाच पाडता येतील?"

आमच्यात याला कंटिन्युइटी म्हणतात. एकच सीन दोन दिवस शूट झाला, तरी पडद्यावर शर्ट तोच आणि तसाच दिसायला हवा.

"फोटो द्या आणि पाण्याचा फवारा."

"सोमवारी ये. हा शर्ट नको."

परत येऊन जिन्याखाली गेले, तर पप्पांनी आधी विचारलं, "कसे होते कपडे त्यांचे?"

"चुरगळलेले. पण मुद्दाम."

"मग त्याला मेहनत जास्त," म्हणाले, आणि पुढचा शर्ट टेबलावर पसरला.

आता इंटरव्ह्यू मी घेते. पोरं फाटक्या जीन्समध्ये येतात. फाटलीय की फाडलीय, ते मी बघते. दोन्ही चालतं. का घातली, हे सांगता आलं पाहिजे, आणि बटणं जागेवर हवीत. मिथिला मॅडमनी कंपनी सोडली तेव्हा त्यांची खुर्ची मला मिळाली. इस्त्रीवाल्याची पोरगी आज कॉस्च्युम हेड आहे.