सीझनच्या मध्यात टीम सोडणारा मुलगा

माझ्या थोरल्या भावाने माझं जमत आलेलं लग्न मोडायला काढलं होतं.

कारण? मुलगा बॉल बॅडमिंटनची टीम सोडून गेला होता.

तो भाऊ, आमचा अण्णा, आज सकाळी वारला. कुंभकोणमला, स्वतःच्या घरी, नव्वदी ओलांडून. तक्रार करायला जागा नाही.

पण सकाळपासून त्याचा आवाज कानात आहे. म्हणून नातीला म्हटलं, मी सांगते, तू टाइप कर.

गोष्ट पन्नासच्या दशकातली.

इथे पुण्यात बॉल बॅडमिंटन म्हटलं की लोक शटलकॉक समजतात. तसं नाही. पिवळा लोकरीचा चेंडू, लाकडी रॅकेट, एका बाजूला पाच जण, आणि उघड्यावर मातीचं कोर्ट. तिकडे आमच्या कुंभकोणमच्या बाजूला गावोगावी टूर्नामेंट असायच्या.

अण्णा खेळायचा नाही. पितळी भांड्यांच्या दुकानात कामाला होता आणि मतं द्यायचा.

"वारा न बघता सर्व्हिस करतो तो गाढव."

"मागचे दोघं इतकं मागं का उभे? तिकडं काय सासुरवाडी आहे?"

गिऱ्हाईक तांब्या घ्यायला आलं तर आधी कालची मॅच ऐकायची. मग तांब्या.

आमच्या रस्त्याच्या टीमवर त्याचा जीव. आणि टीमचा जीव म्हणजे सेंटरला खेळणारा माधव. आमच्यासारखाच मराठी घरातला. तिरुविडैमरुदूरहून सायकल मारत यायचा.

मुलींनी कोर्टाशी बसायची पद्धत नव्हती. आम्ही शेजारच्या गच्चीवरून बघायचो.

मी काय बघत होते ते अण्णाला ठाऊक नव्हतं. 🙂

त्या वर्षी आमची टीम हरतच नव्हती. तिरुविडैमरुदूरला जिंकली, आडुतुरैला जिंकली. मग तिरुप्पनंदाळच्या टूर्नामेंटची फायनल गाठली.

फायनलला माधव आलाच नाही.

त्याला तिरुच्चीला रेल्वेत नोकरी लागली, कालच गेला, असं कोर्टावर कुणीतरी सांगितलं. बदली खेळाडू उतरवला. टीम दणकून हरली.

अण्णा बसने परत आला, पाय धुतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

आई म्हणाली, "दोन घास खा की रे."

"नक्को."

दुकानात त्यानंतर माधवचं नाव काढायची सोय राहिली नाही.

आणि काही महिन्यांनी माझ्यासाठी स्थळ आलं. माधवचंच. पत्रिका जुळली. सरकारी नोकरी. अप्पा खूश.

अण्णा म्हणाला, "नक्को."

"कसाला नक्को?" अप्पांनी विचारलं. आमच्या तंजावरी मराठीत 'का'ला 'कसाला' म्हणतात.

"सीझनच्या मध्यात टीम सोडणारा संसाराच्या मध्यात काय करंल?"

अप्पा हसले. अण्णा हसला नाही.

अप्पांची तब्येत तेव्हा ढासळली होती, घर अण्णा चालवत होता. त्याच्या शब्दाबाहेर काही व्हायचं नाही. निरोप लांबला. पलीकडच्या लोकांनी दुसरीकडे बघायला सुरुवात केल्याचं कानावर आलं.

मला अन्न गोड लागेना. एका दुपारी अण्णाला वाढताना धीर करून विचारलंच.

"अण्णा, ते का गेले?"

"मला काय माहीत?"

"तू विचारलंस?"

त्याचा हात भातात तसाच राहिला. माझ्याकडे बघितलं. बहुतेक तेव्हा त्याला सगळं कळलं.

रविवारी तो पहिल्या गाडीने तिरुच्चीला गेला. आम्हाला वाटलं, भांडायला.

संध्याकाळी आला तो वेगळाच चिडलेला.

"अप्पा, रेल्वेच्या टीममध्ये त्याला बॅकला खेळवतात! असला सेंटरचा प्लेयर, आणि बॅकला! कोण बसलेत निवडायला?"

अप्पा म्हणाले, "अरे, मुलाचं सांग."

मग सांगितलं. माधवच्या वडिलांना पक्षाघात झाला होता. अंथरुणावर वडील, मागं दोन बहिणी. नोकरीचा हुकूम आला तो ताबडतोब हजर व्हा असा. सगळं बिऱ्हाड एका खोलीत. वडिलांचं सारं माधव स्वतः करायचा. अण्णा गेला तेव्हा तो त्यांना भरवत होता.

अण्णाने विचारलं, "टीमला सांगून का नाही गेलास?"

माधव म्हणाला, "सांगायला आलो असतो तर तुम्ही फायनलपुरतं थांब म्हटलं असतं. आणि मी थांबलो असतो."

हे सांगून अण्णा म्हणाला, "खरं आहे. मी म्हटलंच असतं."

आणि आईकडे वळून, "मुलगा चांगला आहे. टीम वाईट मिळाली त्याला. मुहूर्त बघा."

पुढच्या सीझनला कुंभकोणमच्या टूर्नामेंटला रेल्वेची टीम आली. ह्यांना एव्हाना सेंटरला घेतलं होतं. समोर आमच्या रस्त्याची टीम. मी गच्चीवर, गळ्यात नवं मंगळसूत्र.

घरचा जावई खेळतो म्हणून अण्णा रेल्वेच्या बाजूला बसेल असं सगळ्यांना वाटलं. तो आपल्या नेहमीच्या जागी बसला. पूर्ण मॅच ह्यांच्याविरुद्ध ओरडला. घसा बसेपर्यंत.

हे जिंकले.

मॅच संपल्यावर अण्णा कोर्टात गेला. मी वरून बघत होते. त्याने ह्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, आणि भर लोकांत आपल्या हाताने ह्यांचं तोंड पुसलं, मान पुसली. लहान मुलाचं पुसतात तसं.

काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. ह्यांनीही कधी सांगितलं नाही. आता दोघंही नाहीत.

टीमवर, गावावर, माझ्यावर एवढी माया करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अण्णा, तुझ्या अंबूचा तुला वाकून नमस्कार. सुखाने जा.