डोळे रंगवायचे राहिलेले दत्त

काल संध्याकाळी आमची दत्ताची मूर्ती घरी आली... डोळे न रंगवलेली.

मुरलीपुऱ्यातले घनश्यामजी (नाव बदललंय) संगमरवराच्या मूर्ती घडवतात. बदलीवर जयपूरला आलो तेव्हापासूनची ओळख. गावच्या देवळातल्या दत्तांचा फोटो दाखवून मी मूर्ती सांगितली होती.

यंदा त्यांचा खोकला हटेना, अंगावरचा सदरा लोंबायला लागला. सगळे म्हणायचे, दगडाची धूळ आहे. मला टीबीची भीती...

आमच्या भागातल्या छोट्या सरकारी दवाखान्यात आता मशीन आलंय. बेडका डब्बीत द्यायचा, दोनेक तासांत कळतं टीबी आहे की नाही, आणि मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही. मी मागेच लागलो. त्यांचा धाकटा भाऊ डब्बी देऊन आला. रिपोर्ट आला, टीबी नाही. मी देवापुढे साखर ठेवली.

गेल्या आठवड्यात खोकताना रक्त पडलं.

त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरबाई एकदा एक्स-रे बघत, एकदा तो रिपोर्ट; दोन्ही जुळेनात. तेवढ्यात भाऊ भिंतीला टेकून रडायलाच लागला. "मॅडम, डिब्बी में बलगम मेरा था. भैया ने कसम दी थी... बोले, टीबी वाले के हाथ के भगवान कौन ले जाएगा?"

घनश्यामजीच म्हणाले, "मशीन तो सच ही बोली ना, मॅडम." हसायला गेले आणि खोकत बसले.

मशीन पलीकडच्याच खोलीत होतं. पण प्रत्येक तपासणीला एक नवं कार्ट्रिज लागतं, आणि ती संपली होती. त्यातलं एक तर धडधाकट माणसावरच खर्च झालेलं... आता नमुना मोठ्या हॉस्पिटलात गेलाय, तिथेही रांग आहे. तोवर औषधं अंदाजाने. लागू पडतील का, कोणालाच सांगता येत नाही.

काल मूर्ती त्यांच्या दारातूनच घेतली. तोंडावरचा रुमाल सावरत म्हणाले, "आँखें बाद में बना दूँगा, साहब. अभी हाथ काँपता है."

दुसऱ्या कोणाकडून रंगवून घेणार नाही. कौन ले जाएगा, असं विचारलं होतं त्यांनी... मी आणलेत. तेवढंच माझ्या हातात होतं.

आज सकाळी देव्हाऱ्यापुढे बसलो. तीन मुखं, सहा कोरे डोळे. नेहमीसारखं "देवा, बघ रे त्यांच्याकडे" म्हणायला गेलो... आणि पुढे म्हणवेना.