फळीच्या फटीतली धार

सुमन, फोन कानाशी नीट धरून ऐक गं. आत्याचं गाव नदीच्या वरच्या अंगाला, म्हणून दिवाळीलाही फिरकली नाहीस? तुझा बाप पाण्यावरून रुसला तर रुसला, तूसुद्धा?

काल बंधाऱ्यावर गेले होते. पाणी अडवायला फळ्या घातल्यापासून आमच्या बाजूला पाणी नुसतं तुंबून उभं आहे, हिरवं, न हलणारं. एका फटीतून मात्र करंगळीएवढी धार पलीकडे पडत होती, आणि कोरड्या वाळूत उभा एक धोबी पक्षी तिच्यात चोच बुडवत होता. बघतच राहिले. तेवढ्यात आमचा प्रकाश आला, चिखल-गवताचा गोळा केला आणि फटीत दाबला.

"आई, पाणी वाया चाललंय, नि तू बघत बसलीस?"

वाया कसलं? ती धार माझ्या माहेराकडे, तुमच्या विहिरीकडे निघाली होती. पण साठलेलं पाणीही पुरेना, त्याचा कांदा माना टाकतोय, तेही दिसतं मला. माहेर खाली नि सासर वर असलं की फळी कुठेही घाला, बाई मधेच सापडते.

आज धीर करून म्हटलं, "एक फळी तरी काढा रे."

प्रकाश हसला. "गावाला कोण सांगणार? तू?"

एकटीने नाही जमायचं गं. तू ये, गावापुढे माझ्याशेजारी उभी राहा. विहिरीचा तळ दिसायच्या आत ये.