मशीनला लावलेली उदबत्ती

माझ्या एटीएम कार्डाचा पिन नंबर घणसोलीतल्या किमान सहा जणांना तोंडपाठ होता. त्यातला एक मी. काचबिंदूने माझे डोळे गेले त्याला सात वर्षं झाली. दिघ्याच्या ज्या कंपनीत मी स्टोअर सांभाळायचो, तिथेच आता फोनवर ऑर्डरी घेतो. पगार माझ्या नावावर जमा होतो, काढायचा मात्र दुसऱ्याच्या बोटांनी. बहुतेक वेळा बायकोच काढते. ती नसली की मी काठी टेकत सोसायटीखालच्या एटीएमला जायचो आणि तिथल्या वॉचमनला नंबर सांगायचो. मला मोठ्याने बोलायची सवय. एकदा मागे रांग असताना चारही आकडे असे खणखणीत सांगितले की मागून एक बाई म्हणाल्या, "अहो काका, हळू!" मी त्यांच्यावरच खेकसलो. चूक माझी, राग त्यांच्यावर. माझं हे असंच आहे.

वॉचमन गावठाणातलाच, चाळिशीचा. मी पायरीपाशी पोचायच्या आत दार उघडून उभा. "द्या काका कार्ड. तुमी कशाला तरास घेता?" माणूस इतका चांगला की त्याच्यावर चिडताही यायचं नाही, आणि मला त्याचीच जास्त चीड यायची.

आता कोणी म्हणेल, हल्ली मोबाइलवरून पैसे जातात की. भाजीवाल्याला मीही मोबाइलच्या वॉलेटमधूनच देतो, माझा फोन बोलतो. पण पाडव्याची ओवाळणी काय स्कॅन करून घालायची? ताटात नोट पडली पाहिजे. आमचा पाडवा गेली सात वर्षं असा: बायको सकाळी खाली जाणार, पैसे काढणार, वर येऊन नोटा माझ्या हातात ठेवणार, मग मला पाटावर बसवून ओवाळणार आणि मी त्याच नोटा तिच्या ताटात घालणार. ती वर म्हणायची, "वा, यंदा भरघोस हं!" तिला गंमत वाटायची. मला त्या पाटावरून उठून पळून जावंसं वाटायचं.

यंदा दसऱ्याच्या आधी माझ्या एका मित्राने फोनवर मला झापलं. तो जन्मापासून अंध. म्हणाला, "अरे येड्या, ती मशीन बोलते. आकड्यांच्या आसपास इयरफोनचं भोक असतं. वायरवाला इयरफोन लाव, सगळं कानात सांगते. पाचच्या बटणावर टिंब असतं, तिथून बाकीचे आकडे शोध." सात वर्षं! मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. तिथल्या तिथे ठरवलं, यंदाची ओवाळणी मी स्वतः काढणार आणि बायकोला पत्ता लागू देणार नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दाढी करायला जातो असं सांगून निघालो. खिशात स्टेशनबाहेर घेतलेला इयरफोन. एटीएमचं दार उघडलं तसा मोगऱ्याच्या उदबत्तीचा वास आला. हा वास तिथे रोजचाच, मी समजायचो शेजारच्या दुकानातून येतो. मशीनवर हात फिरवला तर झेंडूचा हार लागला, बोटांना हळदकुंकू लागलं. खाली आकडे सापडले, पाचवरचं टिंब सापडलं, बाजूला भोकही सापडलं. पण इयरफोनची दांडी काही आत जाईना. चाचपलं तर आत काडी मोडून बसलेली, आणि भोवती राख.

"अरे, हे काय आहे?"

"उदबत्ती, काका," वॉचमन खुशीत म्हणाला. "रोज सकाली लावतो. मशीन म्हंजे लक्षुमीच ना. कंपनीनं भोक पन कसं बरोबर मापाचं दिलंय बगा."

मी जो भडकलो! "अरे देवभोळ्या, तुझी लक्ष्मी बोलते! तिच्या तोंडातच बूच मारून ठेवलंस की रे!" आणखी काय काय बोललो ते लिहीत नाही. तो हळूच म्हणाला, "ती बोलते हे मना कोनी सांगितलंच नाय, काका."

मला तरी कुठे कोणी सांगितलं होतं? हे तिथेच सुचलं, पण चढलेला राग असा पटकन उतरतो होय? काठी आपटत घरी आलो. दाढी तशीच राहिली, त्यावरून बायकोची बोलणी खाल्ली.

बँकेत तक्रार केली. साहेब गोड बोलले. "मशीन तर आमच्याकडे चालू दाखवतंय." चालू होतीच ना, डोळे असणाऱ्यांसाठी! "बघतो, माणूस पाठवतो." माणूस आला नाही. वसुबारस झाली, धनत्रयोदशी झाली. बायको विचारायची, "यंदा किती काढून आणू?" मी म्हणायचो, "बघू."

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी बायको शंकरपाळे तळत होती आणि मी फुलं आणायला खाली उतरलो होतो. वॉचमनने मला रस्त्यातच धरलं. "काका, चला." शेजारच्या पार्लरमधून त्याने भुवया कोरायचा चिमटा मागून आणला होता. "तीन दिस थोरी थोरी करून काडी काढली. भोक खराब व्हायला नको ना." काडीचा तुकडा त्याने माझ्या तळहातावर ठेवला. नखाएवढा. उदबत्तीचा वास आज पायरीपाशी होता. ती त्याने बटाट्यात खोचली होती. मी त्याची माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, "बाहेर उभा राहा, कोणाला आत सोडू नकोस."

"मी पन बगनार नाय," तो म्हणाला.

दांडी खट्‌कन आत बसली आणि कानात एक बाई बोलायला लागली, चक्क मराठीत. पहिल्यांदा नंबर चुकला. सात वर्षं तो तोंडानेच सांगितलेला, बोटांना तो माहीतच नव्हता. दुसऱ्यांदा एकेक बटण दोनदा चाचपून दाबलं. आत नोटा खरखरल्या आणि माझ्या हातात आल्या. फक्त माझ्या.

बाहेर आलो. "काका, बोलली?" त्याने विचारलं.

"बोलली रे," म्हटलं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून रडलो. भर रस्त्यात. फुलं त्यानेच घेऊन दिली.

पाडव्याला सकाळी बायको खाली गेलीच नाही. मला वाटलं, गडबडीत विसरली, बरंच झालं. तिने पाटावर बसवलं, ओवाळलं. मी खिशातून नोटा काढून ताटात घातल्या आणि कान टवकारून बसलो, आता विचारेल, कुठून आणल्या म्हणून. त्याऐवजी नाक ओढल्याचा आवाज आला.

"अहो, बँकेचा मेसेज माझ्या मोबाइलवर येतो."

हात्तिच्या! डोळे गेल्यावर मीच बँकेत तिचा नंबर देऊन आलो होतो. माझं गुपित काल दुपारीच फुटलं होतं.

"आधी चुकीच्या पिनचा आला," ती म्हणाली. "तशी मी गॅस बंद करून चपला घातल्या. दारात उभी होते, खाली यायला."

"मग?"

"मग नाही आले. चपला घालून तशीच उभी राहिले. दुसरा मेसेज आला, पैसे निघाल्याचा, तेव्हा काढल्या."

तिने ताट खाली ठेवलं, माझ्या कपाळावरचं कुंकू नाकावर सांडलं होतं ते पदराने पुसलं.

"आता तो पिन नंबर बदलून टाका," ती म्हणाली. "आणि मला सांगू नका."