आठ वर्षांनंतरचा मुराद

१९५५ च्या उन्हाळ्यात, येरमाळ्याजवळच्या आमच्या गावी, माझ्या भावाच्या मुलाचं बारसं ऐन पाळण्यापाशी अडलं.

लग्नाला आठ वर्षं होऊनही वहिनीला मूल नव्हतं. गावाबाहेरच्या दर्ग्यात तिनं नवस केला होता: मूल झालं तर मुजावर सांगेल तेच नाव ठेवीन. मुलगा झाला. मुजावरानं 'मुराद' सांगितलं. आईला हे बारशाच्या सकाळी कळलं.

रिवाज असा की आत्यानं पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' करायचं, नाव सांगायचं, आणि त्याच क्षणी बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे. आत्या मीच. मी वाकले. मुठी वर झाल्या.

"थांब," आई म्हणाली. "अर्थ कळल्याबिगर कानात सांगायचं न्हाय."

मुजावराची बायको हिरवं झबलं घेऊन आली होती. आई तिच्याकडं वळली.

"भाबी, तुमच्या मालकांनी दिलंय. तुमीच सांगा."

"मुराद म्हंजे मनातली मागणी, आक्का. मनापासून मागितलेलं. अरबी लफ्ज हाय. माझ्या सासऱ्याचं बी हेच नाव."

"मग आमचा नवसू काय निराळा? नवसूच म्हणू."

"म्हणा की. पीर इचारील, माझा मुराद कुठं गेला? तवा तुमीच जाऊन सांगा."

बायका हसायला लागल्या. एकीच्या ओटीतल्या घुगऱ्या सांडल्या. माझ्यामागून शेजारीण म्हणाली, "आक्का, लवकर ठरवा. माझा हात अवघडला."

"माझी कंबर," मी म्हणाले.

"आधी त्यो सासरा कसा हुता ते इचारा," कोपऱ्यातून कुणी म्हणालं.

"लई हट्टी," भाबी म्हणाली. "पर नव्वदीतबी भाकर चावून खायचा."

पाळण्याची दोरी वहिनीच्या हातात होती. आठ वर्षांत चारचौघींत ती सासूपुढं बोलली नव्हती.

"आत्याबाई," ती आईला म्हणाली, "मागितलं म्या. नवस बी माझाच. दुसरं नाव न्हाय ठिवायचं."

आईनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"वाकलीयस न्हवं? मग सांग की कानात."

मी कुर्र केलं. नाव सांगितलं. बाळ दचकून रडायला लागलं. पाठीत नऊ बुक्के बसले. पहिला आईचा होता.