वीतभर खाली

संघाला थोडी तरी आशा उरली ती उरणच्या आमच्या कंटेनर यार्डातल्या वेल्डरकाकांमुळे. नववीत शाळा सोडून लातूरहून आलेल्या मला यार्डाने बास्केटबॉलसाठीच कामावर घेतलं. कंपन्यांच्या स्पर्धेत बाद फेरी गाठली नाही तर संघ बंद, असं साहेबांनी बजावलं होतं. आम्ही मात्र हरतच होतो. सामन्यात प्रत्येक चेंडू रिंगेच्या अलीकडेच पडायचा. संघ गेला की माझी नोकरीही जाणार होती.

सरावाची रिंग आम्हीच जुन्या कंटेनरला अंदाजाने लावलेली. काकांनी टेप धरला.

"आरं, वीतभर खाली हाय ही! बारशाचा पाळणा टांगलाय का?"

त्यांनी ती कापून वर जोडली. मग त्यांचा डबा घेऊन आलेल्या त्यांच्या नातीने पहिला चेंडू फेकला; तो रिंगेपर्यंतही गेला नाही. त्यानंतरचा सामना जिंकलो. उद्याचा शेवटचा जिंकलो तरच बाद फेरी. इथून जावं लागलं तरी काकांच्या नातीला नेम शिकवायला मी एक दिवस नक्की परत येईन.