पंखा, भोंगा आणि ताईची बैठक

आमच्या जीपचं इंजिन थंड ठेवायचं असेल तर लाउडस्पीकर चालू ठेवावा लागतो. यामागे कुठलंही विज्ञान नाही. वायरिंग मी केलेलं आहे.

पाटोद्यात आमच्या वडिलांचा, म्हणजे आण्णांचा, छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका छापून ते घर चालवतात आणि पत्रकं छापून चळवळ. मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवर. आमच्या घरी भाकरी पत्रकावर, शेंगदाणे पत्रकात आणि कपाटाच्या खणात अंथरलेलीही पत्रकंच. त्यामुळे कुणी 'जेवायला ये' म्हटलं, तरी मला ते 'चला, उठा!' असं ऐकू येतं. माझं नाव संग्राम आणि थोरल्या बहिणीचं मुक्ता. दोन्ही नावं आण्णांनी मथळ्यात शोभतील अशी निवडली. त्यातलं एकच नाव सार्थ झालं, आणि ते माझं नव्हे.

ताई तालुक्याच्या दवाखान्यात नर्स. तिथल्या लॅबमधल्या समाधानशी तिचं जुळलं. पोरगा इतका गरीब की रक्त काढताना सुईआधी 'सॉरी' टोचतो! आष्टीच्या अलीकडे त्याचं गाव. वडील नाहीत, चुलत्यांनी, तात्यांनी, वाढवलेला. घराचा शब्द तात्यांचा. 'हुंडा घेणार नाही, देणार नाही' ही आण्णांची अट तात्यांनी निरोपावर मान्य केली आणि त्यांच्या गावी बैठक ठरली. ताईनं वरून काही दाखवलं नाही. पण आई सांगत होती, पोरगी देवापुढून जाताना हल्ली जरा थबकते. आमच्या चळवळ्या घरात ही मोठीच घटना.

आणि नेमका तेव्हाच जीपचा पंखा मोडला.

ही जीप आण्णांनी सभांसाठी घेतलेली. टपावर दोन भोंगे, आत ॲम्प्लिफायर. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या जुन्या पंख्याचं पातं तुटलं. गॅरेजवाले शकीलभाई म्हणाले, "इसको छोडो. भंगारातल्या कारचा इलेक्ट्रिक पंखा हाय माझ्याकडं. परवा बसवून देतो. वेगळी लाइन, वेगळा स्विच, सब बढिया."

"परवा तर बैठक आहे. पंखा द्या, बसवतो मीच," मी म्हणालो. "आपल्या कामासाठी दुसऱ्यावर विसंबणं ही गुलामगिरीची पहिली पायरी आहे!"

शकीलभाईंनी माझ्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आणि पंखा माझ्या हातात देताना त्याची कीव केली.

मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस सांगत होता: बॅटरीपासून जाड वायर हवी, फ्यूज हवा, स्विच हवा. मी बोनेट उघडलं आणि बघतो तर काय, या तिन्ही गोष्टी गाडीत आधीच आहेत! लाउडस्पीकरच्या! एका गाडीत दोन-दोन स्विच ही उधळपट्टी नाही तर काय? मी त्याच वायरीला पंखा जोडून टाकला. एक स्विच, दोघांचा समान हक्क. जोडावर टेप गुंडाळताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (टेप तोडायला दात लावले होते, हेही एक कारण.)

बैठकीच्या सकाळी सगळे नटूनथटून अंगणात आले. मी स्विच दाबला. पंखा भिरभिरला.

"बघा!" मी म्हणालो.

ताईनं हातातलं एक पत्रक रेडिएटरच्या जाळीसमोर धरलं. ते चिकटायच्या ऐवजी उडून थेट आईच्या डोक्यावर बसलं.

"संग्या, हवा उलटी यायली," ताई म्हणाली. "पंख्यानं बाहेरची हवा आत ओढाया पाहिजे. ह्यो तर इंजिनाची गरमी समोरून येणाऱ्याच्या तोंडावर मारायलाय. वायरी बदल."

वायरी बदलल्या, मघाशी निसटलेली भोंग्याची वायरही घट्ट केली. पुन्हा स्विच. या वेळी पत्रक जाळीला घट्ट चिकटलं आणि त्याच क्षणी टपावरून 'कुईंऽऽऽ' अशी किंकाळी आली. पंखा आणि भोंगे, दोघांनीही आपला समान हक्क बजावला होता!

"आवाज बारीक कर की," आई म्हणाली. तिचं वाक्य टपावरून अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

इथे थोडी आमच्या घराण्याची ओळख करून द्यावी लागेल. मागे एका सभेत एका फौजदारानं बटण फिरवून आण्णांचा आवाज कमी केला होता. घरी येताच आण्णांनी ते बटण पूर्ण मोठ्यावर फिरवून एम-सीलनं कायमचं बसवून टाकलं. माइकवरचं बंद करायचं बटणही उपटलं, कारण 'माणसाचा आवाज बंद करायचं बटण असताच कामा नये!' माइक कुणी उपसू नये म्हणून त्याची वायर मी सोल्डरिंगचा डाग देऊन पक्की केली. जगात अनेक घराण्यांनी अनेक गोष्टी पुढच्या पिढीला दिल्या असतील. आम्ही एकमेकांना न बंद होणारा माइक दिला.

"वायर कापू का भोंग्याची?" मी विचारलं.

"खबरदार!" आण्णा गरजले (टपावरूनही गरजले). "चळवळीचा आवाज कापायचा न्हाई! बसा. उशीर व्हायलाय."

तर अशी आमची वरात निघाली. मी चालवायला, शेजारी आण्णा, मागे आई आणि ताई, मधे माइक. सपाटीला मी स्विच बंद ठेवी. चढ लागला की काटा तांबड्याकडे सरके, स्विच चालू करावा लागे आणि आमचा संसार प्रसारित होई. एका गावाला बाजार भरला होता. नेमका तिथेच चढ!

"अहो, सदरा बगलेत उसवलाय तुमचा," आई आण्णांना म्हणाली.

बाजारातल्या सगळ्या माना वळल्या. आण्णांनी हात अंगाला चिकटवले ते थेट तात्यांच्या दारापर्यंत. एक म्हातारा जीपबरोबर चालत विचारू लागला, "कोन्त्या पार्टीचे तुमी? सभा किती वाजता हाय?"

"सभा न्हाई बाबा, बैठक हाय! पोरीची!" आईनं खुलासा केला. बाजारानं 'व्हय का!' म्हणून आनंद व्यक्त केला. एका भाजीवालीनं मेथीची जुडीही आत टाकली.

"आता कुणी तोंड उघडायचं न्हाई," ताई म्हणाली. तिनं आण्णांचं उपरणं ओढलं, माइकला अशा सफाईनं गुंडाळलं की जणू मोडलेला हात बांधतेय, आणि गठडं आपल्या पिशवीत कोंबलं. भोंग्यातून फक्त पिशवीतल्या बांगड्यांची दबकी किणकिण येऊ लागली. मला त्या क्षणी तिचा अभिमान वाटला. मी तसं बोलणार होतो, तर तिनं आरशातून असं बघितलं की मी गिअर बदलला.

तात्यांचं घर आलं. लिंबाखाली सतरंज्या, पाहुण्यांत समाधान खाली मान घालून बसलेला, बायका ओसरीवर. तात्या डोक्यावर फेटा घालून सामोरे आले. फेटा कानांवरून गच्च बांधलेला आणि जन्मभर ट्रॅक्टर चालवून कान आधीच जड झालेले.

"रामराम!" आण्णा म्हणाले.

"आँ? व्हय, व्हय, ऊनच लई हाय!"

मी इंजिन बंद केलं. पण काटा अजून तांबड्यात, म्हणून पंखा चालूच ठेवला. भंगारातला पंखा, आवाज असा की जणू पिठाची गिरणी. आण्णा आणि आई सतरंजीवर गेले. मुलीला न्यायला बायका यायच्या होत्या, तोवर ताई जीपमध्येच. मी काट्यावर पहारा देत बोनेटपाशी.

चहा आला. चारचौघांत तात्यांनी झकास भाषण केलं. पोरगी हीच लक्ष्मी, नारळ आणि मुलगी एवढंच द्या. टाळ्या पडल्या. आण्णांनी तर उसवलेली बगल विसरून टाळ्या वाजवल्या. मग तात्या उठले आणि त्यांनी आण्णांना हळूच खूण केली.

आमच्या भागात बैठकीचे दोन भाग असतात. सतरंजीवर ठरतं ते गावासाठी. खरं ठरतं ते आडोशाला. आणि आडोसा म्हणून तात्यांनी नेमकी आमची जीप निवडली! पंखा घरघरतोय, कुणाला काही ऐकू जाणार नाही, असा त्यांचा हिशेब. ते आण्णांना घेऊन ताईच्या खिडकीशेजारी येऊन उभे राहिले.

"आण्णा, तिकडचं झालं. आता घरातलं बोलू."

मी आत बघितलं. ताईनं पिशवीतून गठडं काढलं होतं. ती उपरण्याचे पदर सावकाश, एकेक करून सोडत होती. चेहऱ्यावर तोच भाव, जो पेशंटला 'काही न्हाई, मुंगी चावल्यासारखं होईल' सांगताना असतो.

"पोराला एक गाडी द्या. नवी," तात्या म्हणाले. "हुंडा म्हणू नका. तुमच्याच पोरीची सोय."

'तुमच्याच पोरीची सोय' लिंबावरून, ओसरीवरून, शेजारच्या शाळेवरून घुमत गेलं. सतरंजीवरचे चहाचे कप हवेतच थांबले. आण्णांनी दचकून भोंग्याकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. आणि जन्मात पहिल्यांदाच, माइक चालू असताना, आमचे आण्णा गप्प राहिले!

"तात्या, जरा मोठ्यानं बोला की," ताई गोड आवाजात म्हणाली. "पंखा लई वाजायलाय."

"गाडी म्हन्लं, गाडी!" तात्यांनी तोंडाशी हात धरून ओरडून सांगितलं. "चार चाकाची! आन् समाधानला ह्यातलं काय कळू देऊ नका. कळलं तर बैठकीतून उठून जाईल येडं!"

ताईनं माइक तोंडाशी घेतला.

"समाधान," ती म्हणाली, "तुमी ऐकलं. आता तुमचं काय म्हन्नं हाय ते मला ऐकायचंय."

सगळं त्या एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं. ताईनं तिच्या पसंतीचा माणूस गावासमोर पणाला लावला होता, आणि तो माणूस सुईआधी 'सॉरी' म्हणणारा! समाधान उठला. सतरंजीवरून जीपपर्यंत यायला त्यानं इतका वेळ लावला की मला वाटलं, हा वाटेत वळून घरात जाणार. तो आला. तात्यांकडे न बघता त्यानं माइक घेतला.

"मला गाडी नको," तो म्हणाला. घसा खाकरला. "मला चालवताच येत न्हाई."

ओसरीवर कुणीतरी फिसकन हसलं.

"आन् येत असती तरी नको. मला मुक्ता पाहिजे. दुसरं काय मागितलं आसंल तर ते माझं न्हाई. सॉरी."

लिंबाखाली टाळ्यांचा कडकडाट झाला. तात्यांनी आता कुठे वर भोंग्याकडे पाहिलं, फेटा कानावरून सरकवला आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. हा तो क्षण होता, ज्यासाठी मी जन्मलो होतो! हुंड्याविरुद्धचं माझं भाषण पाठ होतं. शोषणापासून सुरू होऊन मानवमुक्तीला संपणारं! मी समाधानच्या हातातून माइक ओढणार, तेवढ्यात ताईनंच तो परत घेतला.

"कुणी गैरसमज करून घिऊ नका," ती गावाला म्हणाली. "तात्या आमची परीक्षा घ्यायलते. पोराचं मन कसं हाय ते त्यांना सगळ्यांम्होरं दाखवायचं हुतं. व्हय ना, तात्या?"

तात्यांनी ताईकडे पाहिलं. बुडणाऱ्यानं दोराकडे पाहावं तसं.

"व्हय तर! परीक्षाच की!" ते म्हणाले. "पास झाले दोघं बी!"

मी आजवर शत्रूला उघडं पाडायची पत्रकंच वाचली होती. उघडं पाडून झाल्यावर त्याला पांघरूण कसं घालायचं, हे एकाही पत्रकात नव्हतं. ताई ते कुठून शिकली कोण जाणे. मला वाटतं, दवाखान्यात.

मग मी माइक घेतलाच. "बंधू आणि भगिनींनो!" मी गर्जना केली. "शतकानुशतकं..."

आणि बॅटरी उतरली. पंखा थांबला. भोंगे मुके झाले. 'शतकानुशतकं' हा शब्द माझ्या तोंडून जेमतेम आईपर्यंत पोचला. ती म्हणाली, "बस खाली. कुंकू लावाया लागलेत."

संध्याकाळी निघताना जीप ढकलावी लागली. मागून आण्णा, समाधान आणि सगळ्यात जास्त जोर लावणारे तात्या. चालवायला ताई. मला ढकलायलाही घेतलं नाही; आईनं माझ्या हातात मेथीची जुडी दिली आणि बाजूला उभं केलं.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या कांताकाकू आल्या. त्यांच्या लेकीची बैठक ठरलीय. मी लगबगीनं उठलो. भाषण तयारच होतं.

"तू नको रं, बाबा," काकू म्हणाल्या. "जीप दी. चालवायला मुक्ता येतो म्हन्ली." मग दारात थांबून त्यांनी काळजीनं विचारलं, "ते वायरिंग कुण्या शहाण्याकडून नीट तर करून घेतलं न्हाई ना?"

"नाही," मी छाती फुगवून म्हणालो. "अजून माझंच आहे."

"मग झालं," काकू म्हणाल्या.